होमस्टेचं उत्पन्न: भाडं म्हणून दाखवू, धंदा म्हणून की भागीदारी करू?

वाचकाचं पत्र

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पेन्शन वर्षाला ५ लाख ४० हजार. दापोली तालुक्यात समुद्राजवळ माझ्या नावावर दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं राहतो. वर कर्ज काढून तीन खोल्या बांधल्या आणि एप्रिल २०२५ पासून त्या पर्यटकांना देतो. नाश्ता त्यातच, जेवण सांगितलं तर वेगळं. पहिल्या वर्षी एकूण १४ लाख ४० हजार जमा झाले. त्यातले ६ लाखांचं बुकिंग ऑनलाइन ॲपवरून आलं आणि २ लाख ४० हजार रोख मिळाले. दोन बायकांचे पगार, वीज, किराणा, ॲपचं कमिशन, रंगरंगोटी, कर्जाचं १ लाख व्याज, सगळं जाऊन हातात ५ लाखांच्या आसपास उरतात. घरामागे माझी हापूसची बाग आहे, तिचे खर्च वजा जाता ९० हजार सुटतात.

शेजारी म्हणतात, भाडं म्हणून दाखवा, ३० टक्के सरळ वजावट मिळते. हे म्हणतात, आपल्या दोघांची भागीदारी करू. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढ. शिवाय यांचं आणि धाकट्या दिरांचं गुहागरला वडिलोपार्जित घर आहे, ते पर्यटकांसाठी घरं चालवणाऱ्या एका चालकाला महिना २५ हजारांवर दिलंय. त्याचं काय करायचं?

उत्तर

ताई, तिघांचे तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. तुमच्या तीन खोल्यांचा धंदा तुमच्या एकटीच्या नावावर, एकल मालकीचा राहू द्या आणि त्याचं उत्पन्न ‘व्यवसायाचं उत्पन्न’ म्हणून दाखवा. गुहागरचं घर मात्र भाड्यातच जाईल. एकाच कुटुंबातली दोन उत्पन्नं दोन वेगळ्या शीर्षकांखाली, म्हणजे आयकराच्या दोन वेगळ्या उत्पन्न-गटांत, का जातात, ते आधी सांगतो. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला असून त्यात क्रमांक बदलले आहेत. उदाहरणार्थ, कलम ४४एडीचा (छोट्या धंद्याच्या अनुमानित नफ्याचा) विषय तिथे कलम ५८ मध्ये आहे.

शेजाऱ्यांची ३० टक्क्यांची वजावट खरी आहे, पण ती घर नुसतं भाड्याने देणाऱ्याला मिळते. तिथे मालक घराची किल्ली देतो आणि महिन्याला पैसे घेतो. तुमच्याकडे सकाळी पोहे-घावने होतात, चादरी रोज बदलतात, पाहुणे एक-दोन रात्री राहून जातात, पावसाळ्यात खोल्या रिकाम्या पडतात आणि नुकसान झालं तर तुमचं होतं. ही निवासाची सेवा आहे, म्हणून हा धंदा.

२०२४ च्या अर्थसंकल्पात कलम २८ मध्ये एक स्पष्टीकरण घातलं गेलं. मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला, तर ते उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवता येणार नाही, ‘घर मालमत्तेचं उत्पन्न’ म्हणूनच दाखवावं लागेल. ही तरतूद कर निर्धारण वर्ष २०२५-२६, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे. फ्लॅट नुसता भाड्याने देऊन त्यावर धंद्याचे खर्च लावणाऱ्यांसाठी ती आहे. तरी उद्या एखाद्या अधिकाऱ्याने तुमच्याकडे बोट दाखवलंच, तर ‘आम्ही भाडं घेत नाही, सेवा देतो’ हे कागदावर दिसायला हवं. त्यासाठी पाहुण्यांची रोजची नोंदवही ठेवा. पावती ‘खोलीभाडं’ म्हणून फाडू नका, ‘निवास व नाश्ता, २ रात्री’ अशी फाडा. कामाला येणाऱ्या दोघींच्या पगाराच्या सह्या घ्या, धुलाईची बिलं जपा. पर्यटन विभागाकडे नोंदणी केली असेल तर तिची प्रतही फायलीत लावा. कुणाला खोली महिनाभर दिलीत तरी त्याच्याशी भाडेकरार करू नका, नाहीतर स्वतःच्या हाताने विरुद्ध पुरावा तयार कराल. रिटर्नमध्ये व्यवसायाचा कोड निवडतानाही ‘रिअल इस्टेट व भाडे’ गटात जाऊ नका, हॉटेल-आतिथ्य गटातला घ्या. महावितरणचा मीटर घरगुती आहे की व्यापारी, यावर आयकरातलं शीर्षक ठरत नाही.

आता शेजाऱ्यांच्या वाटेने गेलात तर काय होईल ते बघा. १४ लाख ४० हजारांतून घरपट्टी वजा होईल, ती ६ हजार धरू. उरलेल्या १४ लाख ३४ हजारांवर ३० टक्के वजावट, म्हणजे उरले १० लाख ३ हजार ८००. त्यातून कर्जाचं व्याज १ लाख गेलं की ९ लाख ३ हजार ८००. बायकांचे पगार, वीज, किराणा, कमिशन यातला एक पैसाही वेगळा वजा होत नाही, तो सगळा त्या ३० टक्क्यांतच आला असं कायदा धरतो. पेन्शनमधून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ४ लाख ६५ हजार राहतात. एकूण उत्पन्न १३ लाख ६८ हजार ८०० झालं. १२ लाखांची रेषा ओलांडल्यामुळे त्या रेषेपर्यंत कर शून्य करणारी कलम ८७ए ची सूट गेली आणि बागेचं उत्पन्न न धरताही उपकरासह साधारण ८८ हजार ७०० रुपये कर बसला. हाच धंदा धंदा म्हणून दाखवला तर ५ लाख नफा आणि ४ लाख ६५ हजार पेन्शन मिळून ९ लाख ६५ हजार होतात. १२ लाखांच्या आत असल्यामुळे कर शून्य.

धंद्याचं उत्पन्न दाखवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, पूर्ण हिशेब ठेवून खरा नफा काढायचा. दुसरी कलम ४४एडीची, अनुमानित नफ्याची. उलाढाल २ कोटींच्या आत असलेल्या निवासी व्यक्तीला, हिंदू अविभक्त कुटुंबाला आणि भागीदारी संस्थेला ती खुली आहे. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा, वह्या ठेवण्याची सक्ती नाही. तुमच्या बाबतीत १२ लाखांचे ६ टक्के ७२ हजार आणि २ लाख ४० हजारांचे ८ टक्के १९ हजार २००, मिळून ९१ हजार २०० होतात.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि ९१ हजार २०० लिहून मोकळे होतात. आमचं मत वेगळं आहे. कायद्याने सांगितलेला हा आकडा किमान आहे. प्रत्यक्षात जास्त मिळालं असेल तर जास्त दाखवण्याची सोय त्याच कलमात आहे. तुमचा कर दोन्हीकडे शून्यच येतो, मग ५ लाख मिळवून ९१ हजार का दाखवायचे? उद्या चौथी खोली बांधायला बँकेत गेलात की बँक पहिल्यांदा रिटर्नच मागते, आणि त्यात वर्षाचा नफा ९१ हजार दिसला तर १० लाखांचं कर्ज देणार कोण? खात्यात ५ लाख शिल्लक आणि रिटर्नमध्ये ९१ हजार, ही तफावत पुढे समजावत बसण्यापेक्षा ४४एडीमध्येच खरा आकडा लिहा. पेन्शन हीच राहिली तर धंद्याचा नफा ७ लाख ३५ हजारांपर्यंत जाईपर्यंत तुमचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आतच राहतं.

या वाटेतले काही खड्डे आधीच बघून ठेवा. सगळ्यात मोठा पाच वर्षांचा. एकदा ४४एडी घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत एखाद्या वर्षी ६-८ टक्क्यांपेक्षा कमी नफा किंवा तोटा दाखवला, तर पुढची पाच वर्षं या कलमाचा दरवाजा बंद होतो. वर, एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही करावं लागतं. कोकणात हे नेमकं छप्पर बदलण्याच्या वर्षी घडतं. वादळाने कौलं उडतात, ४ लाख खर्च होतो आणि ‘यंदा तोटा दाखवू’ असं वाटतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत असा मोठा खर्च पक्का असेल, तर आत्ता ४४एडी न घेता नियमित हिशेबाने सुरुवात करा. एकदाही ४४एडी न घेतलेल्याला ही पाच वर्षांची अट लागत नाही, आणि तुमच्याएवढ्या उलाढालीला लेखापरीक्षणही लागत नाही. वह्या मात्र ठेवाव्या लागतील, कारण नफा अडीच लाखांच्या वर आहे.

दुसरा खड्डा उलाढालीचा. ॲपवर ६ लाखांचं बुकिंग झालं आणि १५ टक्के कमिशन व त्यावरचा १८ टक्के जीएसटी कापून ४ लाख ९३ हजार ८०० उरले, असं समजा. अनेक जण हेच ४ लाख ९३ हजार ८०० उलाढालीत धरतात. ते चूक आहे, उलाढाल ६ लाखांचीच. ॲप कलम १९४-ओ खाली ०.१ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापतं तो संपूर्ण ६ लाखांवर, म्हणजे ६०० रुपये, आणि तुमच्या २६एएस व एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या नोंदींत, ६ लाखच दिसतात. रिटर्नमधला आकडा त्याहून कमी असला की नोटीस येऊ शकते. हे ६०० रुपये परतावा म्हणून मागायला विसरू नका. ॲपला पॅन दिला नसेल तर टीडीएस ५ टक्क्यांनी कापला जातो, तेही तपासून घ्या.

तिसरा रोखीचा. पाहुण्याने दिलेली रोख रक्कम तुम्ही दुसऱ्या दिवशी बँकेत भरलीत म्हणून ती डिजिटल होत नाही. पैसे पाहुण्याकडून कसे आले ते बघायचं असतं. त्यावर ८ टक्केच.

आणि चौथा, ज्यात तुम्ही नक्की अडकला असता, तो फॉर्मचा. ४४एडीवाले सहसा आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’ भरतात. पण शेतीचं उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल तर सुगम चालत नाही. तुमच्या बागेचे ९० हजार आहेत. म्हणून ४४एडी घेऊनही आयटीआर-३ भरायचा. बागेचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दराच्या गणितात ते मिसळलं जातं, तुमच्या आकड्यांवर त्यानेही कर शून्यच राहतो. फक्त एक सांभाळा. पाहुण्यांनी जाताना नेलेली हापूसची पेटी बागेच्या हिशेबात जाते. त्याच आंब्याची आंबापोळी करून विकली, किंवा रस ताटात वाढला, तर ती विक्री धंद्यात येते. मे महिन्यात पेट्यांसाठी वेगळी वही घाला, नाहीतर ‘शेती’ म्हणून दाखवलेले पैसे जेवणाचे निघतात.

आता भागीदारी. काकांचा, म्हणजे तुमच्या पतींचा, हेतू चांगला आहे, पण व्यक्तीला जे स्लॅब आणि १२ लाखांपर्यंतची सूट मिळते, ती भागीदारी संस्थेला मिळत नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. संस्थेने ४४एडी घेऊन किमान ९१ हजार २०० नफा दाखवला तरी कर साधारण २८ हजार ४५० येतो. खरे ५ लाख दाखवले तर १ लाख ५६ हजार. यावर कुणी म्हणेल, भागीदारांना पगार द्या म्हणजे नफा कमी होईल. ४४एडीमध्ये भागीदारांचा पगार आणि व्याज अनुमानित नफ्यातून वजा होत नाही. वह्या ठेवून कलम ४०(ब) प्रमाणे दिला तर पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख, जे जास्त असेल तेवढा पगार मान्य होतो. तुमच्या ५ लाखांवर ४ लाख ५० हजार. उरलेल्या ५० हजारांवर संस्थेला १५ हजार ६०० कर. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलंय. भागीदाराला पगार-व्याज मिळून वर्षात २० हजारांपेक्षा जास्त दिलं की १० टक्के टीडीएस. म्हणजे टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा) क्रमांक काढा, दर तिमाहीला टीडीएसचं विवरण भरा, ४५ हजार कापून सरकारला द्या आणि मग दोघांच्या रिटर्नमधून ते परत मागा. तीन खोल्यांसाठी एवढा खटाटोप!

काकांना धंद्यातून पगार देऊन उत्पन्न दोघांत वाटता येईल का, हा पुढचा प्रश्न मनात आलाच असेल. पतीला आपल्याच धंद्यातून दिलेला पगार कलम ६४ प्रमाणे तुमच्याच उत्पन्नात परत मिळवला जातो. त्यांच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्याच्याच जोरावर मिळत असेल तरच सुटका. घर किंवा पैसा बक्षीस म्हणून त्यांच्या नावावर करूनही हेच होतं. दोन खोल्या माझ्या, एक यांची, असे दोन पॅनवर दोन धंदे दाखवणंही टाळा. एकच स्वयंपाकघर, एकच पाहुण्यांची वही आणि त्याच दोघी बायका असताना ते दोन धंदे आहेत असं कुणालाच पटणार नाही.

भाच्याच्या एलएलपीला कर तोच ३० टक्के, ४४एडी मुळीच नाही, आणि दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११, ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८. एकही पैसा कमावला नाही तरी हे भरावेच लागतात. एलएलपीने मिळतं ते मर्यादित दायित्वाचं कवच, म्हणजे पाहुणा विहिरीत पडला तर तुमचं खासगी घर वाचावं हा हेतू. पण ज्या घरात धंदा आहे तेच तुमचं खासगी घर आहे आणि बँकेकडे कर्जाची सहीही तुमचीच. त्यापेक्षा सार्वजनिक दायित्वाची विमा पॉलिसी घ्या आणि विहिरीवर जाळी बसवा.

जीएसटीचं थोडक्यात. सेवेला नोंदणीची मर्यादा २० लाख, तुम्ही आत आहात. ॲपवरून विकता म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. नोंदणी नसलेल्या यजमानाच्या निवासावरचा जीएसटी, जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) प्रमाणे, ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतं. खोलीचा रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हा जीएसटी ५ टक्के आहे. मर्यादा मोजताना जेवणाची रक्कमही धरा आणि कमिशन कापण्याआधीचा आकडा घ्या. २० लाख ओलांडले की ३० दिवसांत नोंदणी करायची, आणि मग ॲपच्या बुकिंगवरचा करही तुम्हीच भरायचा. तुमच्यासारख्यांची मर्यादा मे महिन्याची सुट्टी आणि नाताळचा आठवडा यांतच ओलांडली जाते, म्हणून नोव्हेंबरपासून दर महिन्याला बेरीज करत चला.

धंदा म्हणून दाखवण्याची एक किंमतही आहे, ती लपवत नाही. राहतं घर विकून दुसरं घेतलं तर कलम ५४ खाली भांडवली नफ्यावर सूट मिळते, पण ज्या घराचं उत्पन्न ‘घर मालमत्ता’ शीर्षकाखाली येतं त्यालाच. वरच्या मजल्यावर धंदा दाखवलात की त्या भागापुरती ही सूट वादात सापडते. त्या मजल्यावर घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट) घेतलात तर विक्रीचा नफा अल्पकालीन धरला जातो, आणि ४४एडीमध्ये घसारा वेगळा मागितला नाही तरी तो घेतलाच आहे असं कायदा समजतो. घर विकायचा विचार नसेल तर याची चिंता करू नका. दहा वर्षांत मुलाकडे पुण्याला जायचं घाटत असेल, तर तळमजला आणि वरचा मजला यांच्या बांधकामाचा खर्च, क्षेत्रफळ आणि कर्ज आत्तापासून वेगवेगळं लिहून ठेवा.

गुहागरच्या घराची गोष्ट सोपी आहे. तिथे पाहुणे आले-न आले तरी चालक महिना २५ हजार देतो, जोखीम त्याची. ते भाडं. ३ लाखांतून त्यांनी त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा ४ हजार, वजा करा. उरलेल्या २ लाख ९६ हजारांचे दोन भाग करा, १ लाख ४८ हजार काकांचे आणि तेवढेच दिरांचे. कलम २६ प्रमाणे दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये ३० टक्के वजावट घेऊन १ लाख ३ हजार ६०० दाखवायचे. हे वाटप चालण्यासाठी दोघांचे हिस्से ठरलेले असावे लागतात, म्हणून घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं आहेत ना ते पाहा आणि करारात दोघांच्या सह्या घ्या. पूर्ण २५ हजार काकांच्याच खात्यात येत असतील तर करार बदलून निम्मे-निम्मे दोन खात्यांत मागवा. कराराच्या मजकुरावरही नजर टाका. घर पलंग, एसी, भांड्यांसकट एकाच भाड्यात, वेगळं न करता येण्याजोगं दिलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या साठच्या दशकातल्या सुलतान ब्रदर्स निकालाप्रमाणे ते ‘इतर मार्गांनी उत्पन्न’ होऊ शकतं, आणि तिथे ३० टक्के वजावट नाही, प्रत्यक्ष खर्चच वजा होतात. इमारतीचं भाडं आणि सामानाचं भाडं दोन वेगळ्या करारांत लिहिलं की हा धोका कमी होतो. आणि चालक उद्या म्हणाला, ‘ठरावीक रक्कम नको, बुकिंग तुमच्या नावाने घेऊ, मी फक्त कमिशन घेतो,’ तर हेही घर धंद्यात आलं समजा.

या आठवड्यात करायचं काम एकच. जेवणाच्या टेबलावर जो क्यूआर कोड चिकटवला आहे, तो कुणाच्या खात्याचा आहे ते बघा. काकांचा असेल तर तुमच्या धंद्याची जमा त्यांच्या पासबुकात जातेय. तो काढा, तुमच्या नावावर वेगळं चालू खातं उघडा, नवा कोड लावा आणि ॲपवरही तेच खातं द्या. वर्षभरात काकांच्या खात्यात गेलेल्या रकमांची तारीखवार यादी करून ती १४ लाख ४० हजारांत धरली आहे की नाही, ते सीएकडे जाण्याआधी जुळवून घ्या.